दर वेळी रेझिस्टर हाताने बदलू नकोस

एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रेझिस्टरच्या आकड्याच्या जागी महिरपी कंसात एक नाव लिही आणि 'स्टेप पॅराम' या आज्ञेत त्या नावाची सुरुवात, शेवट आणि पायरी दे. आज्ञेआधीचा टिंब विसरू नकोस. आधी साध्या आरसी लो-पास फिल्टरवर करून बघ: कपॅसिटर 100 नॅनोफॅरड ठेवून रेझिस्टर 1 वरून 10 किलोओहमवर नेला की कटऑफ (ज्या वारंवारतेपुढे फिल्टर सिग्नल अडवू लागतो ती) 1590 वरून 159 हर्ट्झच्या आसपास यायलाच हवा. किमतींचा पल्ला मोठा असेल तर लॉगरिदमिक, म्हणजे समान पटीने वाढणाऱ्या, पायऱ्या घे. पाच आलेख पुरतात, पंचवीसांच्या गर्दीत काही दिसत नाही. आणि हो, आकड्यापुढचा 'एम' लहान लिही की मोठा, स्पाइस त्याला मिलीच समजतं. मेगाओहमसाठी 'मेग' लिही. इथे भल्याभल्यांचे तास गेलेत.