मनोरमाबाई अमेरिकेत ज्या शाळेत शिकल्या, ती कुठली आणि तिथल्या लोकांच्या श्रद्धा काय होत्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा अमेरिकेत एका छोट्या ख्रिस्ती शाळेत शिकली असं वाचलं, ती शाळा कुठली, कोणत्या पंथाची, आज ती आहे का, आणि एवढ्या मोठ्या अमेरिकेत रमाबाईंनी नेमकी तीच का निवडली?

तेव्हा शाळेचं नाव होतं ए. एम. चेसब्रो सेमिनरी. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर शहराच्या पश्चिमेला नॉर्थ चायलाय नावाचं गाव आहे, तिथे. नावात सेमिनरी असली तरी पाळक (पाद्री) तयार करणारी ती संस्था नव्हती. मुलामुलींची निवासी शाळा होती. ती आजही चालू आहे, फक्त आता शाळा नसून विद्यापीठ आहे: रॉबर्ट्स वेस्लियन युनिव्हर्सिटी. ही शाळा चालवणारा पंथ म्हणजे फ्री मेथडिस्ट, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथातून फुटून निघालेला. मी यवतमाळ जिल्ह्यात याच पंथाच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) वाढलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक विश्वास यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांचं, कॉलेज म्हटलं की लोक आधी त्याचा श्रद्धांचा जाहीरनामा शोधतात आणि त्यातली कलमं वाचून मत बनवतात. कलमं वाचावीतच. पण या शाळेच्या बाबतीत ती निम्मंच सांगतात. ही माणसं कशासाठी भांडली ते कळलं, की त्यांची श्रद्धा कळते. आणि पहिलं भांडण झालं ते चर्चमधल्या बाकांवरून.

१८५० च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांमधली मेथडिस्ट मंडळी सुस्थितीत आली होती. दगडी, उंच मनोऱ्यांची चर्चं उभी राहत होती आणि त्यांचं कर्ज फेडायला बाकं विकली किंवा वर्षाच्या भाड्यानं दिली जात. पुढचं बाक महाग, मागचं स्वस्त. ज्या कुटुंबानं भाडं भरलं त्याचीच ती जागा, रविवारी ती रिकामी राहिली तरी दुसऱ्यानं बसायचं नाही. कारखान्यातला मजूर, घरकाम करणारी बाई किंवा नव्यानं शहरात आलेला गरीब माणूस दारातून आत आला की त्याला आपली जागा कुठे आहे ते न सांगता कळे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या ज्या जॉन वेस्लीनं इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणीतल्या कामगारांना उघड्या माळावर उपदेश केला, त्याच्याच नावानं चालणाऱ्या चर्चमध्ये हे होत होतं.

बेंजामिन टायटस रॉबर्ट्स या तरुण पाळकाला हे सहन होईना. जन्म १८२३ चा, आधी वकिली शिकलेला, मग ती सोडून सेवाकार्यात आलेला. बफेलो शहरातल्या मंडळीत त्याची नेमणूक झाली तेव्हा, बाकं सगळ्यांना मोकळी करा, असा आग्रह त्यानं धरला. कुणी ऐकलं नाही. १८५७ मध्ये त्यानं ‘न्यू स्कूल मेथडिझम’ हा लेख लिहून स्पष्टच मांडलं, की जुन्या मेथडिस्टांचा भरवसा पवित्र आत्म्यावर होता आणि नव्यांचा भरवसा जत्रा, मेजवान्या, सोडती आणि बाकांच्या विक्रीवर आहे. वरिष्ठांनी त्याच्यावर चौकशी लावून ठपका ठेवला. तोच लेख दुसऱ्या कुणी पुस्तिका म्हणून छापला, तेव्हा पुन्हा चौकशी झाली आणि १८५८ मध्ये त्याला पंथातून काढून टाकलं. ज्या कॉन्फरन्सनं (त्या भागातल्या पाळकांच्या सभेनं) त्याला काढलं तिनं १९१० मध्ये त्याची पाळकपदाची कागदपत्रं सन्मानानं त्याच्या मुलाला परत केली, पण तोवर रॉबर्ट्स जाऊन सतरा वर्षं झाली होती.

१८६० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्याच पेकिन गावी फ्री मेथडिस्ट चर्चची स्थापना झाली. नावातला ‘फ्री’ अनेक अर्थांनी होता. बाकं फुकट, सगळ्यांना सारखी. गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध अजून सुरू व्हायचं होतं, त्या काळातली ही अट आहे. फ्रीमेसनसारख्या गुप्त मंडळांशी संबंध नाही, कारण ख्रिस्ताच्या शिष्याला लपवून घेण्यासारखी शपथ असू नये. आणि उपासनेत मोकळेपणा: रडू आलं तर रडावं, मोठ्यानं ‘आमेन’ म्हणावंसं वाटलं तर म्हणावं.

या मंडळींनी १८६६ मध्ये नॉर्थ चायलायला शाळा काढली, तिचं पहिलं नाव चायलाय सेमिनरी. फ्री मेथडिस्टांची ही पहिलीच शिक्षणसंस्था. मुलं-मुली पहिल्यापासून एकत्र शिकत. पुढे ज्या शेतकरी कुटुंबानं मोठी देणगी दिली त्या चेसब्रोंचं नाव तिला मिळालं. १९४५ मध्ये तिथे दोन वर्षांचं कॉलेज सुरू झालं, १९४९ मध्ये नाव रॉबर्ट्स वेस्लियन कॉलेज झालं आणि अलीकडे युनिव्हर्सिटी.

आता श्रद्धांबद्दल. पाया सगळ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांचाच आहे. पवित्र शास्त्र हा श्रद्धेचा आणि आचरणाचा अंतिम आधार, त्रैक्य देव, वधस्तंभावरचं ख्रिस्ताचं बलिदान, तारण कृपेनं आणि विश्वासानं, आपल्या कर्मांनी नव्हे. जन्मानं कुणी ख्रिस्ती होत नाही, पश्चात्ताप करून नव्यानं जन्मावं लागतं. यापुढे वेस्लीचा ठसा दिसतो. कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकाच्या परंपरेत देवानं कुणाला तारायचं ते आधीच ठरवलेलं असतं. वेस्लीच्या अनुयायांना हे मान्य नाही. कृपा सगळ्यांना देऊ केलेली आहे, माणूस ती घेऊ शकतो, नाकारू शकतो आणि घेतल्यावर सोडूनही देऊ शकतो.

दुसरी गोष्ट पवित्रीकरणाची, आणि तीच या पंथाचं काळीज आहे. पापांची क्षमा झाली म्हणजे काम संपलं असं नाही. पवित्र आत्मा याच जन्मात माणसाचं मन इतकं शुद्ध करू शकतो, की देवावर आणि शेजाऱ्यावर पूर्ण मनानं प्रेम करता येतं. बाहेरच्याला ही शिकवण गर्विष्ठ वाटते, ‘आम्ही पापाच्या पलीकडे गेलो’ असं म्हणण्यासारखी. पण आमच्या मंडळीतल्या ज्या म्हाताऱ्या बायका साक्ष द्यायला उभ्या राहत, त्यांच्या तोंडी ती कधी तशी आली नाही. सुनेशी, भावकीशी धरलेला राग प्रभूनं कसा काढून घेतला, हे त्या नावानिशी सांगत, आणि जिच्यावरचा राग गेला ती बऱ्याचदा दोन रांगा सोडून सतरंजीवर बसलेली असे.

या शिकवणीतूनच त्यांची शिस्त येते. दारू नाही, तंबाखू नाही, नाचगाणं नाही, सोनं-दागिने नाहीत, भडक कपडे नाहीत. उपासनेत वाद्यंसुद्धा नव्हती. ती वाजवायची परवानगी या पंथानं १९४३ मध्ये दिली. आज वाचताना हे कट्टर वाटतं, आणि दागिन्यांच्या बाबतीत पुढे पुढे ती निव्वळ नियमांची यादी झाली, हेही खरं. पण सुरुवातीचं कारण बाकांचंच होतं. श्रीमंत बाई रेशीम नेसून पुढे बसली की विटक्या कपड्यातली बाई चर्चला यायची थांबते. साधे कपडे हे गरिबासाठी दार उघडं ठेवण्याचं साधन होतं.

अशी ही एकटीच शाळा नव्हती. इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज आज इव्हँजेलिकल जगात कितीतरी जास्त प्रसिद्ध आहे, प्रसिद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम तिथले. त्याचा पहिला अध्यक्ष जोनाथन ब्लँचर्ड हाही गुलामगिरीचा आणि गुप्त मंडळांचा कडवा विरोधक होता आणि ते कॉलेजही १८६० चंच. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकेतली बरीच छोटी इव्हँजेलिकल कॉलेजं सुधारणेच्या चळवळीतून जन्मली. त्यांची आजची प्रतिमा विसाव्या शतकातल्या उत्क्रांतीसारख्या वादांतून तयार झाली आहे, म्हणून हा जुना भाग झाकला जातो.

आता रमाबाईंकडे येऊ. १८८७ मध्ये त्यांच्या मदतीसाठी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिच्यामागे शहरातले सुशिक्षित, प्रतिष्ठित, उदारमतवादी लोक होते. त्यांच्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. पण १८९१ च्या सुमारास रमाबाईंना जो वैयक्तिक विश्वासाचा अनुभव आला, त्यानं त्या आतून बदलल्या. बाप्तिस्मा त्यांनी १८८३ मध्येच इंग्लंडमध्ये घेतला होता, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत सांगितलंय. १८९३ मध्ये पुण्यात वाद पेटला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या आणि केडगावची मुक्ती ही आश्रयसंस्था उभी राहिली.

याच सुमारास मनोरमा अमेरिकेत नॉर्थ चायलायला शिकत होती आणि १८९८ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा रमाबाई तिला तिथे भेटल्या. शाळा तेव्हा रॉबर्ट्सचा मुलगा बेन्सन आणि त्याची पत्नी एमा हे दोघं मिळून चालवत होते. बॉस्टनच्या ओळखी हाताशी असताना रमाबाईंनी आपल्या एकुलत्या मुलीसाठी शेतांच्या मधली, साध्या कपड्यांची, गरीब पंथाची शाळा निवडली. मला यात त्यांचा ठाम कौल दिसतो. मुलीवर शिक्षणाबरोबर कशाचे संस्कार व्हावेत हे त्यांनी ठरवलं होतं. केडगावला त्यांनी जे घडवलं ते पाहा: जाडंभरडं पांढरं लुगडं, हातानं काम, जात विचारायची नाही, पैशासाठी आधी प्रार्थना. नॉर्थ चायलायची माणसं तिथे आली असती तर त्यांना परकं वाटलं नसतं. मनोरमाबाई परतल्या आणि आईच्या बरोबरीनं मुक्तीचा भार वाहत राहिल्या. १९२१ मध्ये त्या गेल्या, आणि वर्षभराच्या आतच रमाबाईही.

बायकांच्या प्रश्नावर रॉबर्ट्स आपल्या पंथाच्याही पुढे होता. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी हा ठराव १८९० च्या सर्वसाधारण सभेत पडला. तो गप्प बसला नाही. पुढच्याच वर्षी त्यानं ‘ऑर्डेनिंग विमेन’ हे छोटं पुस्तक काढलं आणि पौलाच्या पत्रांतली जी वचनं बायकांना गप्प बसवायला वापरली जातात ती एकेक घेऊन तपासली. त्याचा युक्तिवाद असा, की गुलामगिरीचं समर्थनही लोक असंच सुटी वचनं काढून करत होते. ते जर चुकीचं होतं, तर हेही चुकीचं आहे. १८९३ मध्ये तो वारला. त्याच्या पंथानं पूर्ण दीक्षा स्त्रियांना दिली ती १९७४ मध्ये. आमच्याकडे अजूनही बायकांची शिकवण ऐकायला तयार नसलेल्या मंडळ्या आहेत, आणि त्या वेळी मला या पुस्तकाची फार आठवण येते.

या शाळेचा महाराष्ट्राशी धागा मनोरमाबाईंपाशी संपत नाही. तिच्या मागचाच पंथ वऱ्हाडात आला. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात पोचलं, पुढे यवतमाळ हे फ्री मेथडिस्टांचं मुख्य ठाणं झालं. उमरीचं मिशन हॉस्पिटल त्यांचंच. यवतमाळला त्यांची बायबल शाळा होती. १९५१ मध्ये इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि १९५३ मध्ये यवतमाळच्या शाळेतून वेगवेगळ्या पंथांची मिळून युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. ही मात्र पाळक आणि शिक्षक तयार करणारी खरी सेमिनरी. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीला हलली. ईशान्येतली मिझो-नागा मुलं आणि केरळची मुलं तिथे एकत्र शिकतात. तुम्ही पुण्यात असाल तर या परंपरेचा अभ्यास सुरू करायला नॉर्थ चायलायपेक्षा बिबवेवाडी आणि केडगाव जवळ आहेत.