नाग नदीचं प्रदूषण ऑनलाइन नकाशावरून वस्तीतल्या लोकांना कसं समजवावं?

मी भूगोल शिकवतो, राहायला नागपुरात नंदनवनला. तुम्ही विचारलंय, सुरुवात कुठून करावी. प्रदूषणापासून तर मुळीच नको. आधी पाणी जातं कुठे, ते दाखवा.

पहिल्या खेपेला मी गुगल माय मॅप्सवर नदीकाठी लाल खुणाच खुणा टोचल्या. लोकांनी पटापट आपापलं घर शोधलं आणि 'आमच्या दारात लाल काहून लावलं?' म्हणून माझ्याशीच भांडले. बरोबरच होतं त्यांचं.

दुसऱ्या खेपेला एकच निळी रेघ काढली, समोर बसलेल्या एका काकूंच्या मोरीपासून. मोरी, गल्लीतली नाली, नाग नदी, पुढे पिवळी नदीशी भेट, मग कन्हान, वैनगंगा आणि पवनीजवळचं गोसीखुर्द धरण. काकूंचं माहेर पवनीकडचं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माह्या मोरीतलं पाणी माह्या भावाच्या गावाले जाते का जी?" पुढचा अर्धा तास मला फारसं बोलावंच लागलं नाही. आपण पितो पेंच आणि कन्हानचं पाणी, आणि वापरून झालं की ते नाग नदीवाटे पुन्हा कन्हानलाच देतो, फक्त खालच्या अंगाला. हेही त्यांनीच रेघेवर बोट फिरवत काढलं.

तुमची वस्ती नाग, पिवळी की पोरा, कुठल्या नदीच्या पाणलोटात येते ते आधी तपासा. त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि एसआरटीएम या अंतराळ मोहिमेची जमिनीच्या उंचीची माहितीही फुकट मिळते. ती 2000 साली अंतराळयानातून मोजलेली, जमिनीचा एकेक चौकोन साधारण 30 मीटरचा धरून. टेकडीचा उतार त्यात छान कळतो, गल्लीतली नाली मात्र नाही. आमच्या एका गल्लीचं पाणी संगणकाने पश्चिमेला पाठवलं होतं. पोरांना पटेना. त्यांनी दसऱ्याची उरलेली झेंडूची फुलं नालीत सोडली आणि दोन्ही टोकांना पहारा दिला. फुलं पूर्वेला निघाली! नकाशा आम्ही दुरुस्त केला. शहरात उताराइतकंच नाली बांधणाऱ्याच्या मनावर असतं.

खुणा घरांवर लावू नका, नाला नदीला मिळतो त्या तोंडावर लावा. प्रत्येक खुणेला फोटो आणि महिना जोडा. पावसाळ्यातलं गढूळ पाणी पाहून लोक 'पूर आहे, असंच राहते' म्हणून मोकळे होतात. म्हणून फोटो मे महिन्यात काढा. आभाळातून थेंब नाही आणि नदी तर वाहतेच आहे. मग हे पाणी आलं कुठून, हे तुम्हाला विचारावं लागत नाही, लोकच विचारतात.