घरकाम आणि पै-पाहुणे सांभाळून छंदाला वेळ कसा मिळतो?

घरकाम, नातेवाइकांकडे जाणं-येणं हे सगळं करून छंदासाठी वेळ कसा काढता, एखादा साधा दिवस सांगा, असं तुम्ही विचारलंय. मला गोधड्या शिवायचा नाद आहे. मे महिन्यातला परवाचाच रविवार सांगते.

आम्ही साताऱ्यात राहतो. आमच्या भागात कासचं पाणी सकाळीच येतं आणि तेवढ्यात पिंप, हंडे भरून घ्यायचे असतात, त्यामुळे रविवारीसुद्धा उशिरापर्यंत झोपून चालत नाही. पाणी भरलं, चादरी मशीनला लावल्या आणि गच्चीवर गेले. 50 किलो गहू दोन दिवस उन्हात वाळवून ठेवला होता, त्याला एरंडेल लावायचं होतं. एवढ्या गव्हाला मी पाव किलो तेल घेते. थोडं थोडं तळहातावर घ्यायचं आणि दाणे चोळायचे. दाण्याला चकाकी आली की पुरे. मुलगा आणि त्याचे बाबा दोघंही हाताखाली होते, म्हणून तासाभरात कोठी भरली. वरून वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकला.

दहाच्या एसटीनं कराडला आत्याकडे निघाले. आत्या 78 वर्षांची आहे. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी मोफत झाल्यापासून एरवी तीच पिशवी घेऊन आमच्याकडे येते. पण पंधरा दिवसांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून आता मी जाते. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दर आठवड्याला जाणं अंगावर येत नाही. सोबत मेथीची भाजी, दशम्या आणि घडी घातलेली अर्धवट गोधडी.

गोधडी शिवायला आत्यानंच मला शिकवलं. माझी पहिली गोधडी वाया गेली होती. थर नीट न टाचताच मी कडेनं धावदोरा घालत सुटले आणि मध्याकडे येईपर्यंत कापड गोळा होऊन मोठा फुगा आला. आत्यानं सगळी उसवायला लावली. मग फरशीवर तळाचं लुगडं अंथरलं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, हाताला येईल ते वजन ठेवलं, एकेक थर हातानं सारखा केला आणि लांब कच्चे टाके घालून सगळं बांधून घेतलं. त्यानंतरच खरी शिवण. कापडही जुनं सुतीच लागतं. धुऊन धुऊन ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं मध्ये घातलं तर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि गोधडी चुरगळते. सिंथेटिक साड्या मला बऱ्याच जणी आणून देतात, पण त्या आत सरकतात आणि घामही टिपत नाहीत. त्यांच्या मी पिशव्या शिवते.

परवा आधी आत्याचे केस धुतले. डोळ्यात पाणी जायला नको म्हणून तिला खुर्चीत मागं मान टाकून बसवलं आणि तांब्यानं हळूहळू पाणी सोडलं. जेवणं झाली, डोळ्यात थेंब घातले. मग तिनं गोधडी मांडीवर घेतली. जवळचं तिला अजून स्पष्ट दिसत नाही. पण अंगठा टाक्यांवरून फिरवत ओळीनं चालली होती, आणि एका ठिकाणी तो थांबला. म्हणाली, "हितं तुझं चित्त नव्हतं बघ." वाकून पाहिलं, तर सलग सात-आठ टाके लांब पडलेले. त्या दिवशी मुलाच्या निकालाची वाट बघत शिवत होते, ते मला आठवलं. तिथल्या तिथे उसवलं आणि तिच्या शेजारी बसून पुन्हा घातलं. ती जुन्या गोष्टी सांगत होती, मी शिवत होते. वेळ कुठून मिळतो म्हणाल तर असाच मिळतो. माझी निम्मी गोधडी पाहुण्यांशी बोलता बोलता होते. चहाला आलेली जाऊसुद्धा दोन ओळी घालून जाते. तिचा टाका बारीक आहे, तो लगेच ओळखू येतो आणि मला तो तसाच आवडतो.

निघताना आत्यानं पेटीतून तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या लुगड्याचा काठ काढून दिला. वीतभरच होता, रंग उडालेला, पण वीण शाबूत.

उंब्रजच्या पुढे वळवाचा पाऊस लागला. घरी पोचेपर्यंत चादरी पोरानं आत घेतल्या होत्या आणि खिचडी टाकलेली होती. जेवल्यावर तो काठ मधल्या चौकोनाच्या कडेला लावला, एवढंच झालं. आता मधोमध हातभर जागा उरली आहे. तिला मी हात लावणार नाही. आत्याचा चष्मा आला की गोधडी पुन्हा कराडला न्यायची आणि शेवटचे टाके तिच्या हातचे घ्यायचे.