डिसेंबरच्या थंडीत परसात कोंबड्या पाळायला सुरुवात करावी का?

करा. खुशाल करा. तुम्ही लिहिलंय की परसात 10-12 कोंबड्या ठेवायच्यात, जागा तयार आहे, पण घरचे म्हणतात 'थंडीत पिल्लं जगत नाहीत, मार्चपर्यंत थांब'. जात कोणती घ्यावी आणि खर्च किती येईल तेही विचारलंय. त्याचं नंतर बघू. आधी हे 'जगत नाहीत' प्रकरण. आमच्या घरात मी ते इतकं ऐकलंय की परक्याच्या प्रश्नात दिसलं तरी डोकं फिरतं.

आम्ही निफाड तालुक्यातले, त्यामुळे थंडी आम्हाला कोणी शिकवू नये. राज्यात सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात जे निफाड येतं ते आमचंच. पारा 5-6 वर उतरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. अशा ठिकाणी मी डिसेंबरात ग्रामप्रिया जातीची एक दिवसाची शंभर पिल्लं आणली. घरामागे वैरणीची खोली होती, तिला समोरून नुसती जाळी. खाली भाताच्या तुसाचा तीन बोटं थर, त्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांपुरता पेपर, गोल पत्र्याचं कडं आणि मध्ये पिवळे बल्ब टांगलेले. जाळीला बारदान लावलं, पण वर हातभर जागा मोकळी ठेवली. पिल्लं मजेत होती. लासोटाचा, म्हणजे मानमोडी रोगाच्या लसीचा, थेंबही डोळ्यात घालून झाला होता.

मग माहेरी भाचीचा साखरपुडा निघाला. एका रात्रीचा प्रश्न होता. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, निर्धास्त जा, मी बघतो." त्यांनी बघितलं ते असं. रात्री थंडी वाढली, लाइट जाते की काय अशी भीती वाटली, म्हणून द्राक्षबागेचं प्लास्टिक आणून जाळी वरपासून खालपर्यंत गच्च बांधली आणि आत कोळशाची पेटती शेगडी ठेवून दिली. हेतू चांगलाच होता, ते मी नाकारत नाही. सकाळी निम्म्याहून जास्त पिल्लं गेलेली.

मी येईपर्यंत सासूबाई, भाऊजी, शेजारचे दोघे-तिघे असा निकाल लावून मोकळे झाले होते: थंडीनं मेली. मी आत जाऊन बघितलं. ज्यांनी थंडीनं गेलेली पिल्लं पाहिलीत त्यांना माहीत असेल, ती एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, ढीग होतो, वरची जिवंत असतात आणि खालची चेंगरून सपाट झालेली असतात. आमची तशी नव्हती. सुटी सुटी पडलेली, चोची उघड्या, पाय मागे ताणलेले. आणि एका बाजूला खाली प्लास्टिक वीतभर फाटलेलं होतं, तिथून बोचरा वारा आत येत होता. जी वाचली ती सगळी त्या फाटक्या जागेशी दाटीनं उभी होती. म्हणजे खोलीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यातली जगली आणि शेगडीजवळच्या उबेतली मेली! तरी म्हणे थंडी.

मी ऐकून घेणारी नाही. दोन मेलेली पिल्लं पिशवीत घालून सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी एक फाडून दाखवलं, रक्त लालभडक. म्हणाले, कोळशाचा वायू कोंडलाय, बंद खोलीत शेगडी ठेवली तर माणसंसुद्धा अशीच जातात. घरी येऊन हे सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "डॉक्टर काय, तुम्ही जे सांगाल तेच बोलणार." उरलेल्या पिल्लांनी तोच हिवाळा, त्याच खोलीत, त्याहून गार रात्री काढल्या. प्लास्टिक नाही, शेगडी नाही, नुसतं बारदान आणि बल्ब. पुढे त्यातली मोजून चार गेली, त्यातली दोन मांजरानं नेली. पण आजही कुठल्या लग्नात पंगतीला बसलं की भाऊजी शेजारच्याला सांगतात, थंडीत पिल्लं जगत नाहीत, आमच्या वहिनींना विचारा. मला कोणी विचारत नाही, म्हणून इथं लिहितेय.

तर तुमच्या घरच्यांना सांगा, पिल्लाला ऊब लागते, त्याला डिसेंबर की मे हे कळत नाही. पहिल्या आठवड्यात खाली जमिनीलगत 35 अंश हवेत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा केला की गार वाटतंय, कडेला पळून चोच उघडून बसली की गरम, सगळीकडे पांगून दाणे टिपत असली की हात लावू नका. 12 पिल्लांना मोठा पुठ्ठ्याचा खोका आणि 60 वॅटचा एक पिवळा बल्ब पुरतो. एलईडी लावून उपयोग नाही, त्याला उष्णताच नसते. आमच्या गावात एकानं तसं करून वर मलाच दोष दिला होता. पडदा नेहमी खालून वर असा लावायचा, वरची फट उघडी. पहाटे आत गेल्यावर डोळे चुरचुरले तर ऊब नाही, विष्ठेचा अमोनिया कोंडलाय समजा. सर्दी, घरघर तिथूनच सुरू होते. ओलं झालेलं तूस लगेच काढा.

सासूबाईंची एक गोष्ट मात्र मान्य करते. गावात कुणाकडे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी मिळाली तर बल्बबिल्ब काही नको. रात्री अंधारात तिच्या पोटाखाली एक दिवसाची पिल्लं सरकवायची, बहुतेक वेळा सकाळी ती आपलीच समजून फिरवते. डालग्याखाली तिच्या पंखात पिल्लं असताना बाहेर कितीही गारठा असो.

मार्चपर्यंत थांबण्यात फायदा काय, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. आत्ताची पिल्लं जूनच्या आसपास अंड्यावर येतात, उन्हाळ्याचा सगळ्यात वाईट महिना मागे पडलेला असतो. आणि नर नेमके आखाडात तयार होतात, तेव्हा गावठी कोंबड्याला म्हणाल तो भाव मिळतो. माझे सगळे घरातूनच गेले. दोन भाऊजींनी सासुरवाडीला नेले, फुकट.

तयार कोंबड्या विकत घेणार असाल तर गोष्ट वेगळी. त्यांना अंगावर पिसं आहेत, कोरडी आडोशाची जागा दिली की थंडीचं काही वाटत नाही, संध्याकाळी थोडा मका जास्त टाका. पण दिवस लहान, जेमतेम 11 तासांचा उजेड, त्यामुळे अंडी कमी मिळणार. बल्ब लावून उजेड 14 तासांवर न्या, नाहीतर कोंबडी विकणाऱ्याला शिव्या घालत बसाल.

बर्ड फ्लूचं सांगायचं राहिलं. ते बहुतेक वेळा थंडीत येतं, 2006 च्या फेब्रुवारीत नवापूर, 2021 च्या जानेवारीत परभणीचं मुरुंबा. आमच्याशेजारीच नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, परदेशी पाहुणे पक्षी तिथंच उतरतात, म्हणून मी हिवाळाभर कोंबड्या मोकळ्या सोडत नाही. जवळपास बातमी असेल तर खरंच थांबा. घरचे बरोबर म्हणून नव्हे, किलोमीटरभरातल्या सगळ्या कोंबड्या मारून टाकतात म्हणून.

जात: अंड्यांसाठी ग्रामप्रिया, अंडी-मटण दोन्ही हवं तर वनराजा. कडकनाथच्या नादी पहिल्यांदाच लागू नका. सायकलवर लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं येतात ती अजिबात नको. लस कुठली दिली ते उबवणी केंद्रातूनच विचारून घ्या, मानमोडी एकदा शिरली की थंडी-ऊन काही बघत नाही.

खर्चाचं तुमच्या गावचं मला सांगता येणार नाही. पिल्लांना फार लागत नाही, जाळीला लागतो. बारीक छिद्राची घ्या, मुंगूस मोठ्या छिद्रातून सहज शिरतं.