वाचक विचारतात : गावाचा इतिहास आणि जुने उतारे

प्रश्न (चोपडा तालुका) : गावाचा गेल्या ५० वर्षांचा इतिहास लिहायला घेतला आहे. ज्वारी-भुईमूग मागे पडून केळी कधी आली, हे कागदावर कुठे सापडेल? जुन्या उताऱ्यावरचे नंबर आजच्या नंबरांशी जुळत नाहीत.

उत्तर : सातबाऱ्यातला 'बारा' बघा. सातवर मालकी असते, बारावर दरसालची पिकं, त्याखालचं क्षेत्र आणि पाण्याचं साधन. हस्तलिखित सातबारा साधारण दर दहा वर्षांनी नव्याने लिहीत, त्यामुळे एकाच शेताचे चार-पाच जुने उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज देऊन काढता येतात. साधनाच्या रकान्यात विहीर कोणत्या साली उमटली ते आधी टिपा. केळी बहुधा तिच्या मागोमाग दिसते.

नंबर जुळत नाहीत ते एकत्रीकरणामुळे, म्हणजे विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र केल्यामुळे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ही योजना जिथे लागू झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना-नवा मेळ तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळतो. तो हाती नसताना शोध घेतला तर शेजाऱ्याच्या शेताचा इतिहास आपला म्हणून छापला जातो.

दुसरी गफलत मापाची. जुन्या उताऱ्यावर ४-१० म्हणजे ४ एकर १० गुंठे, ४.१० एकर नव्हे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून ते सव्वाचार एकर, म्हणजेच १ हेक्टर ७२ आर. आणि बारावरच्या पिकावर डोळे झाकून विसंबू नका. पाहणी बांधावर जाऊन व्हायला हवी, पण कित्येकदा गेल्या साली होतं तेच यंदाही उतरवलेलं असतं. सलग सात-आठ वर्षं एका शब्दाचाही फरक नसेल तर जुन्या सालदारांना विचारून ताडून पाहा.

प्रश्न (शहादा) : जिल्ह्याचे जुने कागद मागितले की 'धुळ्याला जा' म्हणतात. का?

उत्तर : नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी तुम्ही धुळे जिल्ह्यात, आणि त्याहीआधी पश्चिम खानदेशात. पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले १९०६ मध्ये. अर्जात त्या सालचा जिल्हा लिहा. मुक्ताईनगरकरांनीही जुन्या कागदांत एदलाबाद शोधावं.

प्रश्न (साक्री) : म्हातारी माणसं साल सांगत नाहीत. काय करावं?

उत्तर : साल विचारूच नका. '७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? वीज आली तेव्हा थोरला किती वर्षांचा होता?' असं विचारा. मग झेडपीच्या शाळेचं जनरल रजिस्टर दाखवण्याची मुख्याध्यापकांना विनंती करा. त्यातली प्रवेशाची तारीख भरवशाची, जन्मतारीख कमी. १ जून दिसली की समजावं, गुरुजींनी अंदाजाने घातली. पांझरेकाठचं गाव असेल तर फडाचं (बंधाऱ्यातून पाटाने आणून गावाने मिळून वापरायचं) पाणी कुणी वाटायचं, पाटकऱ्याला धान्य किती मिळायचं, हे आधी विचारून घ्या. त्याचा हिशेब सातबाऱ्यावर नसतो.

प्रश्न (जामनेर) : पीजेबद्दल काय जपावं?

उत्तर : पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. ही अडीच फुटी रुळांची, ५६ किलोमीटरची गाडी मार्च २०२० पासून बंद आहे. जुनी तिकिटं आणि पास असतील तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शेंदुर्णी, पहूरच्या बाजारकऱ्यांकडून गाडीची वेळ, भाडं आणि काय माल चढायचा ते लिहून घ्या. सांगणाऱ्याचं वय आणि नोंदीची तारीख त्याच पानावर टाका.