बातमी कोणत्या वाटेने आली, ते आधी विचार

प्रिय बेटा,

गाझातील लेकरांच्या उपासमारीवर तू स्टेटस ठेवलेस. त्यावर मामेभावाने "पहलगामच्या वेळी कुठे होतीस?" असे विचारले, वसतिगृहातील मैत्रिणीने सुदानचे नाव घेऊन टोमणा मारला, आणि तू सगळे पुसून टाकून मला लिहिलेस की आपला संतापच खोटा असावा. निरपराध माणूस कोणत्याही झेंड्याखाली मेला तरी ते वाईटच, हे तुला सांगायला नको. तेवढे तू घरूनच शिकून आली आहेस. मला राग आला तो तू पुसून टाकल्याचा.

माणसाचा जीव सगळ्यांसाठी सारखा तुटत नाही. तुटावा असा आग्रह धरणारा स्वतः कोणासाठीच रडत नसतो, हे मी बऱ्याच वर्षांच्या अनुभवाने सांगतो. करुणा अपुरी पडणारच. पण ती एका बाजूला कोणी वळवली, हे तपासणे आपल्या हातात आहे. म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि या पत्रात तीच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच: बातमी तुझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आली ते विचार. चित्र कोणी काढले, कोणी काढू दिले, कोणी अडवले आणि मधल्या मध्ये कोणाकोणाचा हात लागला? बियाण्याची पिशवी घेताना तुझे बाबा कृषी केंद्रातून पक्की पावती घेतल्याशिवाय हलत नाहीत, आणि आपण माणसांच्या मरणाची बातमी मात्र बिनपावतीची घरात घेतो.

गाझाचेच घे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसे मारली गेली आणि सुमारे 250 जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिले गेले नाही. तुझ्या मोबाइलवर आलेली दृश्ये बहुतांशी तिथल्याच पत्रकारांनी टिपलेली होती, आणि त्यांच्यापैकी दीडशेहून अधिक जण त्या युद्धात मारले गेले. आता सुदान पाहा. 15 एप्रिल 2023 पासून तिथे लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर उठले आहेत, 1 कोटीहून अधिक लोक घरदार सोडून परागंदा झाले आहेत. एल फाशेर शहर ऑक्टोबर 2025 मध्ये निमलष्करी दलाच्या हाती पडले, तेव्हा तिथल्या कत्तलीचे पुरावे संशोधकांना उपग्रहचित्रांत शोधावे लागले, आणि काही चित्रफिती तर मारणाऱ्यांनीच हौसेने काढलेल्या होत्या. सुदान तुझ्यापर्यंत पोहोचले नाही यात तुझे मन कोते असल्याचा पुरावा कुठे आला? वाटच बंद होती. मात्र ती बंद आहे हे कळल्यावरही तू विचारले नाहीस, तर मग तो दोष तुझा.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर रशियाने आक्रमण केले, तेव्हा एका अमेरिकन वाहिनीचा बातमीदार कीव्हहून बोलताना म्हणाला होता की हे काही इराक किंवा अफगाणिस्तान नव्हे, हे तुलनेने सुसंस्कृत, युरोपीय शहर आहे. त्याने पुढे माफी मागितली. पण कोणाच्या मरणाने हळहळायचे याची यादी आधीच कुठेतरी तयार असते, हे त्याच्या तोंडून निसटून गेले.

खरा संतापसुद्धा खोट्या मालाने भरता येतो. ऑक्टोबर 1990 मध्ये पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर रडत सांगितले की इराकी सैनिकांनी इस्पितळातील नवजात बाळांना काचपेट्यांतून काढून थंड फरशीवर मरायला टाकले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ती कथा भाषणांतून पुन्हा पुन्हा सांगितली. युद्ध उरकल्यावर 1992 मध्ये उघड झाले की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूताची कन्या होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीच्या मोहिमेचा भाग होती. इराकने कुवेत गिळले होते, अत्याचारही केले होते. तेवढे पुरेसे नव्हते म्हणून बाळे आणली गेली. याच्या उलट उदाहरण 1971 चे. पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सारे आलबेल असल्याचे लिहून घेण्यासाठी पाकिस्तानी लष्कराने आपल्याच देशातील काही पत्रकारांना तिथे फिरवून आणले. त्यांच्यातल्या अँथनी मस्कारेन्हस यांनी दाखवले तेवढे न लिहिता पाहिले ते लिहायचे ठरवले, कुटुंबाला देशाबाहेर काढले आणि 13 जून 1971 रोजी लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये कत्तलीची हकिकत छापून आणली. त्या बातमीची वाट विचारली तर ती एका माणसाने सारे पणाला लावून तयार केलेली निघते. अशा बातमीवर संतापावे, खुशाल संतापावे.

आणि हा प्रश्न आपल्या माणसांनाही विचारायचा, नाहीतर तो विचारूच नये. मे 2025 मधली, पहलगामनंतरच्या भारत-पाकिस्तान संघर्षातली ती रात्र तुला आठवत असेल. पानठेल्यावरच्या टीव्हीत कराची बंदर उद्ध्वस्त झाले होते, इस्लामाबाद पडल्यात जमा होते, आणि स्टुडिओत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा आवाज थेट मारुतीच्या पारापर्यंत येत होता. आमच्या समोरच्या घरातील मुलगा जम्मूकडे तैनात आहे. सायरन ऐकून त्याची आई देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली ती उठेचना. तो सायरन वाहिनीने परिणामासाठी वाजवलेला आहे हे तिला कोण समजावणार? असे सायरन वाजवू नका, असे शेवटी सरकारलाच वाहिन्यांना बजावावे लागले. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्याने मारल्या गेलेल्या एका भारतीय शिक्षकाला काही वाहिन्यांनी अतिरेकी ठरवले आणि पोलिसांना खुलासा करावा लागला. पहलगामचा राग खरा होता. त्या रागाच्या जोरावर आपल्याच मेलेल्या माणसाची विटंबना झाली, आणि त्याबद्दल तुझ्या मामेभावाने कोणाला विचारले, "तेव्हा कुठे होतास?"

जरा जवळ ये. मे 2016 अखेरच्या त्या रात्री पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराला आग लागली, स्फोटांनी आपल्या घरांची दारे हादरली, आसपासची गावे रिकामी करावी लागली. तेव्हा तू शाळेत होतीस. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथेच जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण गेले, त्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले. जगातल्या युद्धांवर बोलताना आपल्याला वाटते की ते सारे सातासमुद्रापार चालते, आणि तोफगोळे मात्र आपल्याच जिल्ह्यांत भरले जातात, साठवले जातात. या माणसांसाठी आपल्यापैकी किती जणांनी स्टेटस ठेवला? कॅमेरे भांडाराच्या फाटकापर्यंत आले आणि परत गेले, आणि त्यांच्यासोबत आपले लक्षही गेले.

गावात मला थंड रक्ताचा म्हणतात, ते तुझ्याही कानावर आले असेल. वाचनालयाचा अध्यक्ष म्हणून माझ्यापुढे तहसीलदारांना द्यायचे एक निषेधाचे निवेदन आले होते, छापील, फक्त आमच्या गावाचे नाव हाताने भरलेले. मजकूर कोठून आला, त्यातील आकडे कोणाचे, हे कोणालाच सांगता येईना. मी सही केली नाही. त्यावरून माझा एक जुना मित्र माझ्या ओट्यावर यायचा बंद झाला. संध्याकाळचा चहा एकट्याने घेताना त्याची उणीव भासते, हे मी कबूल करतो, तरी ती सही मी आजही करणार नाही. मेलेल्या माणसांबद्दल मला काही वाटत नव्हते असे त्याने ठरवून टाकले. वाटत होते म्हणूनच विचारले. ज्याला काही वाटत नाही तो निमूटपणे सही करून घरी जातो.

तेव्हा आता रुसून बसू नकोस. गाझाची पोस्ट पुन्हा टाक, पण दोन बाणांची, म्हणजे अनेकदा पुढे पाठवल्याची खूण असलेली ती चित्रफीत वगळ. ज्या पत्रकाराने काढली त्याचे नाव, ठिकाण आणि तारीख मिळाली तरच दृश्य वापर. 7 ऑक्टोबरला मारल्या गेलेल्यांचा उल्लेख करायला कचरू नकोस, त्याने गाझातल्या एकाही लेकराची भूक कमी ठरत नाही. मैत्रिणीला सुदानबद्दल खरोखर काही ठाऊक असेल तर तिच्याकडून शीक, तिच्याशी भांडू नकोस. मामेभावाला मात्र एवढेच विचार की पहलगामची त्याची माहिती कोणत्या वाटेने आली. तो चिडेल. चिडू दे, आणि उत्तर आले की मला कळव. पोळ्याला तो गावी येणार आहे, उरलेले मी पाहून घेईन.

तुझा,
सर