डॉसवर सिरियल पोर्ट वाचताना अक्षरं गळतात: तयार लायब्ररी वापरावी की स्वतः लिहावं?

तुमची अडचण मला अशी समजली: ३८६ संगणकावर डॉस आणि टर्बो सी आहे, जोडलेल्या मशीनकडून ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) मजकूर येतो, तो तुम्ही बायोसकॉम फंक्शनने वाचता आणि मधली अक्षरं गळतात. आता एक जुनी कम्युनिकेशन लायब्ररी हाताशी आली आहे, ती वापरावी की सगळं स्वतः लिहावं?

लायब्ररी वापरा. पण ती आतून काय करते हे आधी समजून घ्या, नाहीतर ती अडेल तेव्हा कुठे बघायचं तेच कळणार नाही.

अक्षरं गळण्याचं कारण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या चिपमध्येच असलेल्या मूळ प्रोग्राममध्ये आहे. बायोसकॉम हे इंटरप्ट १४ (हेक्स) या बायोसच्या सेवेवर चालतं आणि ते पोलिंग करतं, म्हणजे तुम्ही विचाराल तेव्हाच चिपकडे बघतं. सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या ८२५० चिपमध्ये आलेलं एकच अक्षर थांबू शकतं. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका अक्षराचे १० बिट, म्हणजे ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं, दर अक्षरामागे जेमतेम एक मिलिसेकंद. तेवढ्यात तुमचा प्रोग्राम स्क्रीन सरकवत असला किंवा फाइलमध्ये लिहीत असला, की पुढचं अक्षर मागच्यावर येऊन बसतं. चिपच्या लाइन स्टेटस रजिस्टरचा बिट १ तपासा, तो हाच प्रकार, म्हणजे ओव्हररन दाखवतो. तिथे १ दिसला तर निदान पक्कं.

लायब्ररी मात्र इंटरप्टवर चालते, म्हणजे अक्षर आलं की चिपच प्रोसेसरला हाक मारते. पोर्ट उघडताना ती जुना इंटरप्ट व्हेक्टर (इंटरप्ट आला की कुठला कोड चालवायचा तो पत्ता) जपून ठेवते, तिथे स्वतःचा हँडलर बसवते, मोडेम कंट्रोल रजिस्टरमधला आउट-२ बिट चढवते आणि इंटरप्ट सांभाळणाऱ्या ८२५९ चिपमधली त्या पोर्टच्या आयआरक्यूची (इंटरप्टच्या तारेची) वाट मोकळी करते. कॉम-१ असेल तर पत्ता ३एफ८ (हेक्स) आणि आयआरक्यू ४, कॉम-२ असेल तर २एफ८ आणि आयआरक्यू ३. आउट-२ हा बिट स्वतः कोड लिहिणाऱ्यांकडून हमखास राहतो. बाकी सगळं बरोबर असूनही एकही इंटरप्ट येत नाही आणि माणूस दिवसभर केबल तपासत बसतो. त्यानंतर येणारं प्रत्येक अक्षर हँडलर रिंग बफरमध्ये (गोल फिरत भरत जाणाऱ्या मेमरीच्या जागेत) टाकतो आणि तुमचा प्रोग्राम सवडीने तिथून उचलतो. ४०९६ बाइटचा बफर ठेवलात तर ९६०० ला चार सेकंदांहून जास्त सवड मिळते. तेवढीही पुरली नाही तर आरटीएस/सीटीएस हँडशेक (वेगळ्या तारांवरून ‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगणं) चालू करा. डेटा बायनरी असेल तर एक्सऑन/एक्सऑफच्या वाटेला जाऊ नका, कारण त्यात ‘पाठव’ आणि ‘थांब’साठी वापरलेले १७ आणि १९ हे बाइट डेटातही येणारच.

सगळ्यात जास्त जपायचं ते पोर्ट बंद करताना. कंट्रोल-ब्रेक दाबून प्रोग्राम बंद झाला आणि व्हेक्टर पूर्ववत झाला नाही, तर तो आता दुसऱ्याच कशाच्या तरी ताब्यात गेलेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो. पुढचं अक्षर आलं की संगणक गोठतो, आणि तोवर तुम्ही भलत्याच प्रोग्राममध्ये असता, त्यामुळे दोष त्याच्यावर जातो. म्हणून पोर्ट बंद करणारं फंक्शन, प्रोग्राम संपताना आपोआप चालावं यासाठी, अ‍ॅटएक्झिटला जोडा आणि सीटीआरएलबीआरके (ctrlbrk) फंक्शनने ब्रेकही स्वतःच्या ताब्यात घ्या. हँडलर स्वतः लिहिणार असाल तर त्यात प्रिंटएफ किंवा डॉसचं कुठलंही काम नको, डॉसला तसं मधेच बोलावलेलं चालत नाही. टर्बो सीमधली स्टॅक ओव्हरफ्लो तपासणीही त्या फाइलपुरती बंद ठेवा.

लायब्ररी जोडताना मेमरी मॉडेल (कोड आणि डेटासाठी किती मोठे पॉइंटर वापरायचे ते) जुळतंय ना ते बघा. स्मॉल आणि लार्जसाठी लिब फाइल वेगवेगळ्या असतात.

पुढे १,१५,२०० पर्यंत जायचं असेल तर दर अक्षरामागे सुमारे ८७ मायक्रोसेकंदच उरतात. तिथे ८२५० चा भरवसा धरू नका, १६५५०ए चिप असलेलं कार्ड शोधा. तिच्यात १६ बाइटचा फिफो (आलेल्या क्रमानेच बाइट बाहेर देणारी रांग) असतो आणि इंटरप्ट किती बाइट साठल्यावर यावा तेही ठरवता येतं. मी ८ ठेवेन, म्हणजे हँडलरला उशीर झाला तरी आठ बाइटची जागा शिल्लक राहते. यूएसबीचा कन्व्हर्टर लावायचा विचार मात्र सोडा, लायब्ररी ३एफ८ वर चिप शोधते आणि शुद्ध डॉसमध्ये तिथे काहीच सापडत नाही.

मशीन जोडण्याआधी नऊ पिनच्या कनेक्टरवर २ आणि ३ जोडून लूपबॅक करून बघा. पाठवलेलं जसंच्या तसं परत आलं, की तुमच्या बाजूचं काम झालं. त्यानंतरही मशीन गप्प असेल तर कनेक्टरच्या ७-८ आणि १-४-६ या पिना आपसांत जोडून बघा. तीन तारांच्या केबलमध्ये डीएसआर आणि सीटीएस हे ‘तयार आहे’ सांगणारे सिग्नल मोकळे राहतात, आणि हँडशेक चालू असेल तर पाठवणारा त्यांची वाट बघत थांबून राहतो.